थाळ्या, शिट्ट्या आणि सामाईक भिंत : ‘ख्रिस्टी विरुद्ध डेव्ही’ खटल्याचा अभ्यास

शेजाऱ्यांच्या भांडणात आवाज किती झाला यापेक्षा तो कशासाठी केला गेला हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो, हे इंग्लंडच्या न्यायालयाने ज्या खटल्यात ठळकपणे नोंदवले तो खटला म्हणजे ‘ख्रिस्टी विरुद्ध डेव्ही’. त्याचा निकाल १८९३ सालच्या न्यायनिर्णयांच्या खंडात छापलेला आहे. कायद्याच्या वर्गात तो दोन वाक्यांत उरकला जातो : एका घरात संगीताच्या शिकवण्या चालत, शेजाऱ्याने चिडून भिंत बडवली, न्यायालयाने शेजाऱ्याला मनाई केली. एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. मात्र ज्यांना तऱ्हेवाईक किंवा तापट माणसाच्या शेजारी प्रत्यक्ष राहावे लागते, त्यांच्या कामाचा भाग या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. तीन वर्षे एकमेकांशेजारी बिनतक्रार राहिलेली दोन कुटुंबे काही आठवड्यांत न्यायालयाच्या दारात कशी पोहोचली, आणि ज्याच्या तक्रारीत कदाचित थोडे तथ्य होते तोच माणूस आरोपीच्या जागी कसा जाऊन बसला, हे या प्रकरणात विलक्षण स्पष्टपणे दिसते.

घटना दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनची आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आल्यापासून हा भाग झपाट्याने वाढला आणि मध्यमवर्गीयांसाठी तेथे घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांत जोडबंगलेही पुष्कळ होते, म्हणजे बाहेरून एकच भारदस्त वास्तू, आत मात्र दोन स्वतंत्र घरे आणि मधोमध एकच सामाईक भिंत. अशा घरात राहणाऱ्याला बंगल्याचा मान मिळतो आणि चाळीचे आवाजही मिळतात. अशाच एका जोडबंगल्याच्या एका अर्ध्या भागात ख्रिस्टी कुटुंब राहत होते. घरातील बाई संगीत आणि गायन शिकवून कमाई करीत, मुलगी पियानो आणि व्हायोलिन वाजवी आणि मुलगा चेलो वाजवी. शिकवण्या, रियाझ आणि अधूनमधून घरगुती मैफल असा त्या घराचा दिनक्रम होता. भिंतीच्या पलीकडे डेव्ही राहत असे. तो लाकडावर कोरीव काम करून छपाईचे ठसे तयार करणारा कारागीर होता आणि हे काम तो घरीच करीत असे.

पुढे जाण्यापूर्वी या दोन्ही व्यवसायांकडे जरा जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण दोन्ही घरांना आपापली बाजू इतकी स्वयंसिद्ध का वाटत होती ते त्याशिवाय कळत नाही. लाकडी ठशांचे काम बॉक्सवूड नावाच्या अतिशय घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर केले जाई. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर तो ठोकळा ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचे, उजव्या हातातील टोकदार कोरणी स्थिर धरायची आणि डाव्या हाताने ठोकळाच हळूहळू फिरवायचा, अशी ती पद्धत होती. जेवढा भाग कोरला जाईल तेवढा छापील चित्रात पांढरा उमटतो. त्यामुळे हात केसभर जरी घसरला तरी नको तेथे पांढरी रेघ उठते, आणि एकदा निघालेले लाकूड परत बसवता येत नाही. चुकलेला भाग खणून काढून तेथे नवा तुकडा ठोकून बसवावा लागतो आणि तेवढे काम पुन्हा करावे लागते. अशा कामाला बसलेल्या माणसाच्या कानावर तोच तो सूर चुकत-माकत तासभर पडत राहिला तर त्याचे काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. त्यात काळही या धंद्याच्या बाजूने नव्हता. छायाचित्रावरून थेट धातूचे ठसे करण्याची हाफटोन पद्धत १८८० च्या दशकापासून नियतकालिकांत रुळू लागली होती आणि लाकडावर कोरणाऱ्यांचे काम कमी कमी होत चालले होते. डेव्हीच्या स्वतःच्या मिळकतीचा हिशेब आपल्यासमोर नाही. तरीही त्याच्या पत्रात आर्थिक नुकसानीचा जो उल्लेख येतो, तो या पार्श्वभूमीवर वाचला तर निव्वळ त्रागा वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला, ख्रिस्टी कुटुंबासाठी संगीत हा छंद नव्हता, त्यावर घर चालत होते. शिकवणीला येणारा विद्यार्थी चुकणारच, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारच, कारण शिकणे त्यालाच म्हणतात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र उत्तम वादन आणि शिकाऊ वादन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पूर्ण वाजवलेली रचना कान सोडून देतो. मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी रचना कान सोडत नाही. शिवाय भिंतीचाही स्वतःचा एक हिशेब असतो. भरीव भिंतीचे वजन दुप्पट केले तरी पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलनेच घटतो, आणि खर्जातले सूर उंच सुरांपेक्षा अधिक सहज आरपार जातात. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झला वाजते आणि त्या वाद्याचा खालचा टोकदार पाय थेट जमिनीवर टेकलेला असतो. पियानोचे तर सगळेच वजन जमिनीवर. इंग्लंडमधील अनेक जुन्या घरांत लाकडी जमिनीच्या तुळया सामाईक भिंतीतच बसवलेल्या असत. अशा घरात सूर हवेतून जातो तसा लाकूड-विटांमधूनही जातो, आणि वाजवणाऱ्याला आपण पलीकडे किती ऐकू जातो आहोत याचा अंदाज बहुधा येत नाही. या प्रकरणातील दोन्ही पक्ष प्रामाणिकपणे वेगवेगळे आवाज ऐकत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तीन वर्षे हे असेच चालले. मग ३० सप्टेंबर १८९२ रोजी डेव्हीने शेजाऱ्यांना एक पत्र लिहिले, जे न्यायनिर्णयात पूर्ण उद्धृत केलेले असल्यामुळे आजही वाचता येते. त्याचा आशय असा : गेला आठवडाभर होणारा त्रास म्हणजे तुमच्या कुत्र्याचे विव्हळणे असावे असे आपल्याला आधी वाटले, आणि अशा गोष्टींना इलाज नसतो हे अनुभवाने ठाऊक असल्याने आपण तो निमूट सोसला; पण आज सकाळी जरा लवकरच तोच प्रकार सुरू झाला तेव्हा ध्यानात आले की ते कुत्रे नव्हे, पियानोच्या साथीने गाण्याची कोणाची तरी ती जिवाच्या आकांताने चाललेली धडपड आहे. त्यात भर म्हणून दिवसभर व्हायोलिनची भयंकर खरखर. साथीचा हेतू जर गळ्यातल्या किंकाळ्या झाकण्याचा असेल तर तो साधलेला नाही, एवढे आपण खात्रीने सांगू शकतो. पुढे तो लिहितो की, तुम्हाला यात आनंद वा मिळकत असेल, आपल्याला मात्र हा उपद्रव आणि आर्थिक नुकसान आहे. घराचा मागचा भाग वापरणे मुश्कील झाले आहे. कधी कधी हे मध्यरात्रीपर्यंत आणि त्याही पुढे चालते. आणि ही घरे जोडलेली आहेत याचा तुम्हाला विसर पडलेला दिसतो. हे थांबले नाही तर आपल्याला गंभीर दखल घेणे भाग पडेल, अशी ताकीद पत्राच्या शेवटाकडे आहे.

पत्र चटकदार आहे, यात शंका नाही. लिहिणाऱ्याला ते लिहिताना मनापासून बरे वाटले असेल. मात्र तक्रारपत्र म्हणून पाहिले तर त्याच्यासारखे निकामी पत्र शोधून सापडणार नाही. त्यात एक मुद्दा अगदी रास्त आहे, तो म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारे वादन. दुसराही रास्त म्हणता येईल, तो म्हणजे मागच्या खोल्या वापरता न येणे. परंतु हे दोन्ही मुद्दे पत्राच्या शेवटाकडे, टोमण्यांच्या ढिगाखाली दडपलेले आहेत. ज्या बाईची उपजीविका गळ्यावर आणि कानावर अवलंबून आहे, तिच्या घरातील गाण्याला पहिल्याच वाक्यात कुत्र्याचे विव्हळणे म्हटल्यावर ती उरलेले पत्र शांतपणे वाचेल, ही अपेक्षाच चुकीची होती. त्याहून मोठी उणीव ही की, संपूर्ण पत्रात विनंती अशी एकही नाही. रात्री अमुक वाजल्यानंतर चेलो नको, पियानो भिंतीपासून दुसरीकडे हलवता येईल का, सकाळचे अमुक तास माझ्या कामाचे आहेत, असे काहीही त्यात नाही. जे आहे ते ‘थांबवा’ एवढेच, आणि शिकवणीवर चालणाऱ्या घराने संगीत थांबवणे म्हणजे चूल विझवणे. होकार देता येईल असे काही मागितलेच नव्हते, तर होकार मिळणार कुठून?

ख्रिस्टी कुटुंबाने पत्राला उत्तर दिले नाही. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते आणि न्यायालयानेही पुढे त्यांना त्यासाठी दोष दिला नाही. अपमानास्पद पत्राला उत्तर न देणे हे मानी माणसाचे लक्षण मानले जाते, आणि ते समजण्यासारखेही आहे. तरीही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महागडी गोष्ट हे मौनच होते. टोमणे गिळून केवळ रात्रीच्या वेळेविषयी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर पत्रातील रास्त भाग बाजूला निघाला असता आणि उरलेल्या थयथयाटाला आधार राहिला नसता. उत्तर न मिळाल्याने डेव्हीला मात्र दोन गोष्टी एकदम पटल्या असाव्यात : समोरच्यांना आपली पर्वा नाही, आणि शब्दांनी काही होत नाही. शेजाऱ्यांच्या तंट्यात दुसरी समजूत पहिलीपेक्षा अधिक घातक असते, कारण शब्द संपले की माणूस हाताशी असेल ते उचलतो.

डेव्हीच्या हाताशी थाळ्या होत्या. पलीकडे शिकवणी किंवा मैफल सुरू झाली की अलीकडून सामाईक भिंतीवर ठोके पडू लागत, धातूच्या थाळ्या बडवल्या जात, शिट्ट्या आणि किंकाळ्या सुरू होत, आणि पलीकडे जे वाजत असेल त्याची नक्कल केली जाई. एकेकाळी शांततेसाठी कासावीस झालेला माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या कानांशेजारी थाळ्या बडवतो आहे, हे चित्र विनोदी वाटते. परंतु जशास तसे वागण्याच्या नादात मूळ गरजच विसरली जाते, हा अनुभव शेजाऱ्यांच्या तंट्यांत इतका नेहमीचा आहे की त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणणेही कठीण जावे. लंडनला हा प्रकार नवीनही नव्हता. गणनयंत्रांचा कल्पक चार्ल्स बॅबेज याने रस्त्यावरील वादकांविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवली आणि १८६४ मध्ये अशा वादकांना घरासमोरून हटवण्याचा अधिकार देणारा कायदाही झाला. पण बॅबेज चिडतो हे कळल्यावर त्याच्या परिसरातील काही लोक मुद्दाम त्याला ऐकू जाईल असा गोंगाट करू लागले होते. ज्याला आवाज सहन होत नाही त्याला आवाजच द्यायचा, ही खोड जुनी आहे. डेव्हीने केले ते एवढेच की, सहन न होणारा आणि देणारा या दोन्ही भूमिका एकाच वेळी स्वीकारल्या.

ख्रिस्टी कुटुंब न्यायालयात गेले आणि मनाई हुकूम मागितला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या चॅन्सरी नावाच्या विभागाचे न्यायमूर्ती नॉर्थ यांच्यासमोर आले. आपल्या घरात आपल्याला हवे ते वाद्य वाजवण्याचा आपल्यालाही अधिकार आहे, अशी डेव्हीची भूमिका होती. वरकरणी या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नाही. एका घराने दिवसातून काही तास आवाज करायचा आणि तो योग्य, दुसऱ्या घराने त्याहून कमी वेळ केला तरी तो अयोग्य, असे म्हणायला आधार काय? डेसिबल मोजून पाहिले असते तर कदाचित संगीतच भारी भरले असते.

न्यायमूर्तींनी मोजमापाच्या वाटेने जायचेच नाकारले. दोन्ही बाजूंनी निर्दोषपणे वागणारी माणसे असती आणि त्यांच्यात हे घडले असते, तर आपण प्रकरणाकडे पूर्णपणे वेगळ्या नजरेने पाहिले असते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. प्रतिवादीने जे केले ते केवळ त्रास देण्याच्या हेतूने केले अशी आपली खात्री पटली आहे, आणि अशा हेतूने केलेला घराचा वापर हा घराचा न्याय्य वापर नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ख्रिस्टींच्या घरातील संगीत त्यांनी उपद्रव मानले नाही. उपद्रवाच्या (इंग्रजीत ‘न्यूसन्स’) कायद्याचा मूळ प्रश्न आपापल्या घराचा वाजवी वापर हाच आहे, आणि वाजवी काय हे ठरवताना माणूस ते का करतो आहे याला बाजूला ठेवता येत नाही, अशी ही विचारसरणी आहे. हुकूमही त्याच धाटणीचा निघाला : वादींना त्रास व्हावा, ते हैराण व्हावेत अशा रीतीने प्रतिवादीने आपल्या घरात आवाज करू नयेत अथवा होऊ देऊ नयेत. शांतपणे बसून बासरी वाजवायला डेव्हीला बंदी झाली नाही. बंदी झाली ती भिंतीपलीकडच्या माणसाला उद्देशून केलेल्या आवाजावर.

येथे एक प्रश्न उरतो, जो न्यायनिर्णयाच्या कक्षेबाहेरचा असला तरी प्रकरण अभ्यासात टाळता येत नाही. थाळ्यांना हात न लावता डेव्ही स्वतःच न्यायालयात गेला असता तर? उत्तर त्याच्यासाठी फारसे उत्साहवर्धक नाही. वीटभट्टीच्या धुराविषयीच्या ‘वॉल्टर विरुद्ध सेल्फ’ या १८५१ च्या खटल्यापासून इंग्लंडमधील कसोटी अशी होती की, गैरसोय पाहायची ती नाजूक आणि चोखंदळ राहणीच्या मापाने नव्हे, तर साध्यासुध्या माणसाच्या रोजच्या सुखसोयीच्या मापाने. १८८९ च्या ‘रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट’ खटल्यात अपील न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली : तळघरातील उष्णतेने वरच्या मजल्यावरील साठवलेला कागद खराब झाला, पण तो कागदच विशेष नाजूक प्रकारचा होता, साध्या कागदाला काही झाले नसते, म्हणून तक्रारदाराला दाद मिळाली नाही. भिंग लावून केसासारख्या रेघा कोरणाऱ्या कारागिराला हा निवाडा नेमका अडवणारा ठरला असता. दिवसाच्या शिकवण्यांविरुद्ध त्याला बहुधा काहीच मिळाले नसते. रात्रीच्या वादनाविषयी मात्र, तारखा आणि वेळा लिहून ठेवल्या असत्या तर, निदान न्यायमूर्तींचे कान त्याच्याकडे वळले असते. त्याने लिहून ठेवल्या त्या उपमा.

या निकालातील तत्त्व पुढे सरळ रेषेत गेले नाही. दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ‘ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स’ खटल्यात नेमके उलट वाटणारे मत दिले. पिकल्स नावाच्या जमीनमालकाने आपल्या जमिनीत खोदकाम करून शहराच्या जलपुरवठ्याकडे झिरपणारे पाणी अडवले. शहराने आपली जमीन किंवा पाणी चांगल्या किमतीला विकत घ्यावे म्हणून हे चालले आहे, असा आरोप होता. स्वतःच्या जमिनीखालून झिरपणारे पाणी अडवणे हा त्याचा हक्कच आहे, आणि हक्काने केलेली गोष्ट वाईट हेतूमुळे बेकायदा होत नाही, असे लॉर्ड्सनी ठरवले. मग डेव्हीचे काय? या विसंगतीचा उलगडा १९३६ मध्ये आणखी एका शेजारी-तंट्यात करावा लागला. केंटमधील चंदेरी कोल्ह्यांच्या पैदास केंद्राचा फलक शेजारच्या जमीनमालकाला खुपत होता, कारण त्याला आपल्या जमिनीचे भूखंड पाडून विकायचे होते. फलक काढायला नकार मिळताच त्याने ऐन विणीच्या हंगामात, हद्दीलगत, बंदुकीचे बार काढायला लावले. त्या धक्क्याने माद्या मीलन टाळतात किंवा आपलीच पिल्ले खातात, हे त्याला ठाऊक होते. न्यायमूर्ती मॅक्नॅटन यांनी ‘ख्रिस्टी’चा आधार घेऊन त्याला जबाबदार धरले. गंमत अशी की, पिकल्स खटल्यात हेतू गैरलागू ठरवणाऱ्या लॉर्ड मॅक्नॅटन यांचेच हे चिरंजीव. तेव्हापासून अभ्यासक साधारण असा भेद करतात की, जेथे हक्क निरपवाद आहे तेथे हेतू पाहायचा नाही, पण जेथे हक्कच मुळात वाजवीपणाच्या मर्यादेत आहे, जसा आवाज करण्याचा, तेथे हेतू पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. हा भेद मला पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही, कारण कोणता हक्क निरपवाद हे ठरवण्यातच अर्धा निर्णय झालेला असतो. तथापि न्यायालयांचे काम त्याच्यावर चालले आहे.

डेव्हीच्या मूळ तक्रारीचे, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या रोजच्या आवाजाचे, इंग्लंडमध्ये आज काय होईल? रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेतील घरगुती गोंगाटासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि स्थानिक परिषदेचा अधिकारी त्याखाली कारवाई करू शकतो, त्यामुळे मध्यरात्रीच्या चेलोविषयी दाद मागायला त्याला वकिलाची गरज पडणार नाही. नव्या बांधकामांत घराघरांमधील भिंतीने हवेतून येणारा आवाज किमान ४५ डेसिबलने अडवला पाहिजे, असा नियम २००३ पासून लागू आहे. मात्र नव्या बांधकामाचा हा नियम ब्रिक्स्टनच्या जुन्या जोडबंगल्यांना मागे जाऊन लागत नाही. १९९९ मध्ये लंडनमधील भाडेकरूंनी, शेजाऱ्यांचे साधे बोलणे-चालणेही पातळ भिंतींतून ऐकू येते आणि घरमालक असलेली स्थानिक परिषद त्याबद्दल काही करीत नाही, अशी तक्रार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेली, तेव्हा ती फेटाळली गेली. शेजारी आपापल्या घरांत नेहमीचे जीवन जगत आहेत, आणि घराचा साधा वापर हा कितीही ऐकू आला तरी उपद्रव ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे दिवसाच्या शिकवण्या डेव्हीला आजही ऐकाव्याच लागल्या असत्या, आणि त्या कोणत्या तासांत, कोणत्या खोलीत व्हाव्यात हे आजही त्याला शेजारणीलाच विचारावे लागले असते.